नेटवर्क ऑटोमेशन : यंत्राला किती मोकळीक द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा : "मी एका मोबाइल कंपनीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, शिफ्टमध्ये काम करतो. लवकरच एआयवर चालणारं ऑटोमेशन येणार, नेटवर्क स्वतःच बिघाड शोधून स्वतःच दुरुस्त करणार, असं वरून सांगितलं जातंय. ऑटोमेशन विकणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे व्हेंडरचे, डेमोही सुरू झालेत. हे प्रत्यक्षात कुठपर्यंत जमतं? सुरुवात कुठून करावी? आणि आमच्यासारख्यांच्या नोकऱ्यांचं काय?"

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. एखादं काम यंत्राच्या हाती द्यायचं की नाही, हे मॉडेल किती हुशार आहे यावर ठरवू नका. यंत्र चुकलं तर ती चूक किती साइटपर्यंत, म्हणजे टॉवरपर्यंत, पसरेल आणि केलेला बदल किती मिनिटांत जसाच्या तसा मागे घेता येईल, या दोन गोष्टींवर ठरवा. डेमोमध्ये अचूकतेची टक्केवारी मोठ्या अक्षरांत दाखवतात. या दोन गोष्टींबद्दल मात्र तुम्ही विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही.

ऑटोमेशन नको, असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच्याशिवाय आजचं नेटवर्क चालणारच नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झालं, पण म्हणून २जी गेलं नाही. एकाच टॉवरवर २जी, तीन-चार बँडवर ४जी आणि त्यावर ५जी, प्रत्येकाचे तीन दिशांना तीन सेक्टर. म्हणजे एका साइटवर पंधरा-वीस सेल, म्हणजे एका बँडवर एका दिशेला सिग्नल देणारे भाग, सहज होतात आणि प्रत्येक सेलचे शेकड्यांनी पॅरामीटर (सेटिंग). एका सर्कलमधल्या, म्हणजे परवान्याच्या विभागातल्या, हजारो साइटचं हे सगळं एक्सेल शीट आणि ड्राइव्ह टेस्टच्या (गाडीतून फिरून सिग्नल मोजण्याच्या) जोरावर सांभाळायचे दिवस केव्हाच मागे पडले.

शिवाय यातलं बरंचसं ऑटोमेशन आधीपासून तुमच्या नेटवर्कमध्ये चालू आहे. ४जीचं पहिलं मानक, म्हणजे मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी संस्थेचं रिलीज ८, आलं तेव्हाच त्यात स्वतः जुळवून घेणाऱ्या नेटवर्कची, 'सॉन'ची, तरतूद होती. त्यातलं एएनआर, म्हणजे शेजारचे सेल आपोआप जोडणं, घ्या. ४जीत सेलला ओळख म्हणून जे फिजिकल नंबर, म्हणजे पीसीआय, देतात ते फक्त ५०४ आहेत, ५जीत १००८. त्यामुळे तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. चालत्या गाडीतल्या फोनला अनोळखी पीसीआयचा सेल दिसला की तो साइटला कळवतो. साइट फोनला सांगते की त्या सेलचा पूर्ण, जगात एकमेव असलेला आयडी वाचून दे. तो मिळाला की साइट नव्या शेजाऱ्याशी आपणहून संबंध जोडते. पूर्वी शेजाऱ्यांच्या या याद्या माणसं हाताने भरायची. आज कुणाला ते आठवतही नाही. एएनआर निर्धोक ठरलं याचं कारण त्याच्या चुकीचा आवाका लहान आहे. नको तो शेजारी यादीत आला तर एका सेलचे काही हँडओव्हर, म्हणजे चालू कॉल एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं, बिघडतात, आणि तो काढून टाकला की विषय मिटतो.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येऊ, म्हणजे अलार्मकडे. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी.

समजा जूनचा दुसरा आठवडा आहे, कोकणात पाऊस लागलाय आणि महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या तीसेक साइट काही मिनिटांत लाल झाल्या. स्क्रीनवर अलार्म येतात ते शेकड्यांनी : सेल डाऊन, ट्रान्समिशन लिंक डाऊन, कोअरशी, म्हणजे मध्यवर्ती नेटवर्कशी, असलेला एस-१ दुवा तुटला, शेजारच्या साइटशी असलेला एक्स-२ दुवा तुटला, क्लॉक सिंक (घड्याळांची जुळणी) गेलं. मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं. फायबर तुटली असेल तर एका स्पॅनच्या, म्हणजे दोन साइटमधल्या केबलच्या, दोन्ही टोकांना 'लॉस ऑफ सिग्नल' जवळपास एकाच सेकंदाला येतो आणि पलीकडचं सगळं एकदम जातं. वीज गेली असेल तर क्रम वेगळा दिसतो. आधी 'मेन्स फेल', मग डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला नाही किंवा डिझेल कमी आहे असा अलार्म, मग ४८ व्होल्टची बॅटरी बँक उतरत जाते, 'लो व्होल्टेज' येतो आणि शेवटी साइट पडते. साइटही एकदम पडत नाहीत, एकामागून एक पडतात, कारण प्रत्येकीच्या बॅटरीचं वय निराळं असतं.

खरी फसगत होते ती हब साइटवर, म्हणजे जिच्यामार्फत इतर साइट जोडलेल्या असतात तिथे. हबची बॅटरी संपली की दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. हबवर विजेच्या अलार्मची साखळी, आणि तिच्या भरवशावर असलेल्या साइट एका क्षणात गायब, त्यांची स्वतःची वीज मात्र शाबूत. घाईत असलेला माणूस तीस साइट एकदम गेल्या एवढंच बघतो आणि फायबर टीमला घाटात पिटाळतो. पाठवायचा असतो डिझेलचा कॅन. दोन तास वाया जातात, आणि तेवढ्यात बाकीच्या साइटच्या बॅटऱ्याही उतरायला लागतात. हा फरक ओळखण्याचं काम यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं, कारण त्याला पंधरा मिनिटांपूर्वीचा 'मेन्स फेल' आठवत असतो आणि कोणती साइट कोणत्या हबच्या मागे आहे हेही पाठ असतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यातली सेवा २४ तासांहून जास्त काळ बंद राहिली, तर ग्राहकांना भाड्यात सवलत किंवा वैधतेत वाढ द्यावी लागते. तेव्हा हे दोन तास आता कंपनीच्या हिशेबातही दिसतात.

इथे एका गोष्टीचा मी कायम आग्रह धरतो. साइट रिंगवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार्ग असलेल्या वर्तुळात, असतील तर एका कटने त्या जायलाच नकोत. गेल्या, याचा अर्थ रिंगची दुसरी बाजू आधीपासून तुटलेली होती. तिचा अलार्म 'मायनर' म्हणून यादीत तळाशी पडून होता, कारण त्या दिवशी एकाही ग्राहकाचा कॉल तुटला नव्हता. अलार्मची क्रिटिकल, मेजर, मायनर ही उतरंड उपकरणापुरतं बघून ठरते. त्यामागे किती साइट आता एकाच धाग्यावर लटकल्यात, हे तिला माहीत नसतं. ऑटोमेशनकडून मी सगळ्यात आधी काय मागेन, तर हेच : ज्या क्षणी पर्यायी मार्ग संपतो त्या क्षणी तो मायनर अलार्म वर काढून दाखव. यासाठी एआय लागत नाही. टोपोलॉजी, म्हणजे कोण कुणाला जोडलंय याचा नकाशा, बरोबर असली की साध्या नियमांवर होतं.

पण टोपोलॉजी बरोबर असते का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! इन्व्हेंटरीत, म्हणजे उपकरणांच्या नोंदवहीत, एखादी साइट अजून जुन्याच हबखाली दिसते, प्रत्यक्षात ती सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडे वळवलेली असते. राउटरचं पोर्ट रेकॉर्डमध्ये एक, जमिनीवर दुसरं. घड्याळांचंही तसंच. निरनिराळ्या व्हेंडरच्या उपकरणांची वेळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीने, नीट जुळलेली नसेल तर आधी काय झालं आणि नंतर काय, हेच कळणार नाही. आणि वरचं सगळं विश्लेषण तर क्रमावरच उभं आहे.

फायबरचं उदाहरण बघा. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटीचं अंतर मोजणारं उपकरण, सांगतं की कट १७.४ किलोमीटरवर आहे. ते अंतर काचेचं असतं, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक जॉइंट चेंबरमध्ये काही मीटर जादा केबल गुंडाळून ठेवलेली असते आणि नळीतली फायबरही केबलपेक्षा थोडी लांब असते. या सगळ्याची नोंद असेल तर सिस्टिम नकाशावर बोट ठेवून सांगते की अमुक पुलाच्या अलीकडे उतरा. नोंद नसेल तर स्प्लायसिंगची (फायबर जोडण्याची) गाडी भर पावसात अर्धा-एक किलोमीटर पुढेमागे शोधत बसते. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तुटते तेव्हा तर ती लगेच मातीखाली गाडली जाते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून माझा सल्ला रोखठोक आहे : पहिल्या वर्षाच्या बजेटचा मोठा भाग इन्व्हेंटरी दुरुस्त करण्यावर आणि ती आपोआप ताजी राहील याची सोय करण्यावर घाला. या कामाचा डेमो होत नाही, म्हणून ते कुणाला नको असतं. पण ते केलं नाही तर त्यावर बांधलेलं सगळं वाकडं उभं राहतं.

पुढची पायरी असते अलार्म न देणाऱ्या बिघाडांची. स्लीपिंग सेल तुम्हाला माहीत आहेच : सगळं हिरवं, आणि सेलवर ट्रॅफिक शून्य. त्याचा आजचा ट्रॅफिक त्याच वाराच्या त्याच तासाच्या जुन्या आकड्यांशी आणि शेजारच्या सेलशी ताडून बघितला की तो पकडता येतो. मशीन लर्निंग इथे खरोखर उपयोगी पडतं. मात्र त्याला आपलं कॅलेंडर शिकवावं लागतं. आषाढी वारीचं बघा. एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. पालख्या मुक्काम बदलत पंढरपूरकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर लाखो फोन सरकतात. इंग्रजी तारखा आणि आठवड्याच्या वारांवर शिकलेलं मॉडेल एका गावात ट्रॅफिकचा स्फोट झाला म्हणून ओरडेल, आणि दुसऱ्या दिवशी पालखी पुढे गेल्यावर त्याच गावातले सेल झोपले म्हणून ओरडेल. दोन्ही खोटं. तिथीची आणि मुक्कामांची यादी हाताने भरली की प्रश्न सुटतो. गणपती विसर्जनालाही हेच लागू आहे. स्थानिक माणसाची माहिती सिस्टिममध्ये उतरते ती अशा ठिकाणी, आणि ती व्हेंडरकडून येणार नाही.

यानंतर येतं आपोआप दुरुस्त करणं. इथे जपून. सगळ्यांना आधी रिसेट ऑटोमेट करावासा वाटतो : आरआरयू (टॉवरवरचं रेडिओ युनिट) अडकला, रिमोट रिसेट दिला, सेल उठला, टिकेट (बिघाडाची नोंद) बंद. ठीक आहे, करा. पण त्याला मर्यादा घाला, की एका सेलला ठरावीक काळात एकदाच रिसेट आणि पुन्हा गरज पडली तर टिकेट थेट माणसाकडे. पावसाळ्यात जंपर केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) चढतो आणि सेल बसतो. रिसेटने तो थोडा वेळ उठतो, रात्री पाऊस आला की पुन्हा बसतो. यंत्र रोज त्याला उठवत राहिलं तर डॅशबोर्ड स्वच्छ दिसेल आणि कनेक्टर कुजत राहील. तिथे माणूस चढून ते वॉटरप्रूफिंग पुन्हा केल्याशिवाय काही होत नाही.

दुसरा धोका म्हणजे दोन ऑटोमेशनची आपापसातली ओढाताण. लोड बॅलन्सिंग गर्दीच्या सेलवरून फोन शेजारी ढकलण्यासाठी हँडओव्हरचा ऑफसेट, म्हणजे तो कधी व्हावा याची सेटिंग, बदलतं. हँडओव्हर सुधारणारं फंक्शन म्हणतं, फोन वेळेआधीच जातायत, आणि तोच ऑफसेट उलटा फिरवतं. फोन दोन सेलमध्ये हेलकावे खात राहतात. त्यात वीज वाचवणारं तिसरं फंक्शन रात्री कपॅसिटी सेल (गर्दीसाठीचे जादा सेल) झोपवतं. वीजबचत महत्त्वाचीच आहे, कारण मोबाइल नेटवर्कच्या वीजवापरात सगळ्यात मोठा वाटा रेडिओ साइटचा असतो. पण कव्हरेज देणारा मूळ सेल झोपवायचा नाही आणि एक पॅरामीटर एका वेळी एकाच फंक्शनच्या ताब्यात राहील, हे नियम आधी लिहून घ्या. ओ-रॅन या खुल्या रेडिओ नेटवर्कच्या मांडणीत वेगवेगळ्या कंपन्यांची अॅप एकाच रेडिओ नियंत्रकावर चालवायची कल्पना आहे. तिथे हा वाद आणखी वाढणार.

आता मोठ्या चुकांकडे, कारण माझ्या मताचं मूळ तिथे आहे. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं मोबाइल आणि इंटरनेट देशभर बसलं. १.२ कोटींहून जास्त ग्राहकांना फटका बसला, ९११ या आपत्कालीन नंबरवर कॉल लागेनात, डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. कोअर आयपी नेटवर्कच्या सात टप्प्यांच्या अपग्रेडमधला सहावा टप्पा चालू होता. त्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, रूटचा (मार्गांच्या माहितीचा) लोंढा कोअर राउटरांवर आला आणि ते कोसळले. नियामक सीआरटीसीने करवून घेतलेल्या स्वतंत्र अहवालातली एक गोष्ट मी प्रत्येक टीमला सांगतो. या कामाची जोखीम सुरुवातीला 'हाय' धरलेली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले, म्हणून जोखीम मोजणाऱ्या अल्गोरिदमने सहाव्या टप्प्याची जोखीम 'लो' करून टाकली. त्यामुळे जादा तपासणी आणि वरिष्ठांची मंजुरी या पायऱ्याच गळल्या. मागचे पाच टप्पे नीट झाले यावरून सहावा किती धोक्याचा आहे हे कळत नाही. तो बदल कोणत्या राउटरला हात लावतो आणि तो राउटर गेला तर काय काय जातं, यावरून कळतं.

दुसरा धडा त्याच घटनेतला. रॉजर्सचं मॅनेजमेंट नेटवर्क, म्हणजे उपकरणं दुरून हाताळण्याची वाट, त्याच आयपी कोअरवर अवलंबून होतं. कोअर बसल्यावर इंजिनिअरना राउटरपर्यंत पोहोचताच येईना, आपसात बोलायला फोनही चालेनात, आणि मूळ कारण सापडायला सुमारे १४ तास गेले. तुमचं ऑटोमेशन कोणत्या वाटेने राउटरशी बोलतं, हे आजच शोधून काढा. ज्या नेटवर्कची दुरुस्ती करायची त्याच्यावरूनच ते बोलत असेल, तर ऐन गरजेच्या वेळी ते मुकं होईल. महत्त्वाच्या राउटरांना स्वतंत्र आऊट-ऑफ-बँड लिंक आणि ड्यूटीवरच्या लोकांकडे दुसऱ्या कंपनीचं सिम, ही ऑटोमेशनच्या आधीची तयारी आहे.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सहा तासांच्या वर बंद होते, ते आठवत असेल. बॅकबोनची, म्हणजे डेटा सेंटर जोडणाऱ्या नेटवर्कची, क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळा बॅकबोनच तोडला. अशी कमांड अडवण्यासाठी तपासणीचं टूल होतं, पण त्यातल्या बगमुळे ते थांबवू शकलं नाही. पुढचं जास्त बोलकं आहे. डीएनएस सर्व्हरना, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरना, नेमून दिलेलं होतं की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर स्वतःला बिघडलेलं समजा आणि आपले बीजीपी रूट, म्हणजे इंटरनेटला जाहीर केलेले मार्ग, मागे घ्या. एक सर्व्हर बिघडला असता तर हे योग्यच होतं. त्या दिवशी सगळ्यांना एकदम तसं वाटलं आणि सगळ्यांनीच स्वतःला इंटरनेटवरून काढून घेतलं. प्रत्येक भाग त्याला सांगितलं तेच करत होता. म्हणून कुठल्याही आपोआप चालणाऱ्या कृतीला एक वरची मर्यादा हवीच : एका वेळी इतक्या टक्क्यांहून जास्त उपकरणं बाहेर काढायची नाहीत, त्यापुढे थांबायचं आणि माणसाला उठवायचं.

भाषेच्या मॉडेलबद्दल, म्हणजे चॅटसारख्या एआयबद्दल, थोडक्यात. जुनी टिकेटं आणि आरसीए, म्हणजे मूळ कारणांचे अहवाल, धुंडाळून 'असं आधी कधी झालं होतं आणि तेव्हा काय केलं' हे सांगायला, शिफ्ट बदलताना पुढच्या शिफ्टसाठी टिपण काढायला ते फार कामाचं आहे. कॉन्फिगचा, म्हणजे उपकरणाच्या सेटिंगचा, मसुदाही त्याला करू द्या. पण तो मसुदा स्कीमावर (ठरलेल्या साच्यावर) तपासून, लॅबमध्ये चालवून आणि माणसाने डोळ्यांखालून घातल्यावरच पुढे जावा. ते आत्मविश्वासाने चुकीची कमांड लिहितं, आणि कोअर राउटरला लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास तपासता येत नाही.

नोकऱ्यांचं विचारलंत. स्क्रीनकडे बघून टिकेट उघडायचं आणि फोन लावायचं काम कमी होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. टॉवरवर चढणारी, फायबर जोडणारी, डीजी चालू करणारी माणसं लागणारच. मला जास्त काळजी वेगळी आहे. तुम्ही-आम्ही नेटवर्क शिकलो ते याच अलार्मच्या गर्दीत. नव्या मुलांना फक्त निवडलेलं एकच मूळ कारण दिसणार असेल, तर ऑटोमेशन बंद पडलेल्या रात्री त्यांना क्रम वाचता येईल का? म्हणून अधूनमधून एक शिफ्ट कोरिलेशन (अलार्म जोडून मूळ कारण काढणं) बंद ठेवून, जुन्या घटनेचे अलार्म लॅबमध्ये पुन्हा सोडून सराव घ्यावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. तुम्ही स्वतः आधी राउटिंग पक्कं करा : बीजीपी, आयएस-आयएस, एमपीएलएस. मग पायथन, आणि त्यानंतर नेटकॉन्फ आणि यांग, म्हणजे उपकरणांची सेटिंग प्रोग्रामने बदलण्याची साधनं. उलट क्रमाने शिकलेला माणूस स्क्रिप्ट सुरेख लिहितो, पण ती कुठे चालवू नये हे त्याला कळत नाही.

व्हेंडरने टीएम फोरम या दूरसंचार उद्योगसंघटनेच्या, ऑटोमेशन मोजणाऱ्या ० ते ५ या पातळ्यांपैकी 'आम्ही चौथ्या पातळीवर आहोत' असं सांगितलं, तर कोणत्या कामासाठी, एवढंच विचारा. सगळ्या नेटवर्कला एकच आकडा लागू होत नाही. शेजारी जोडणं चौथ्या पातळीवर असू शकतं आणि कोअरमधला बदल दुसऱ्यावरच ठेवणं शहाणपणाचं असू शकतं. घ्यायचं ठरलंच तर पहिले काही महिने ती सिस्टिम फक्त सल्ला देईल, हात लावणार नाही, अशी चालवा. तिचा सल्ला आणि तुमच्या शिफ्टने प्रत्यक्ष केलेली कृती शेजारी शेजारी नोंदवा. त्यानंतर माणसाच्या एका क्लिकवर कृती, आणि अगदी शेवटी ठरावीक, लहान आवाक्याच्या कामांना मोकळीक.

पुढच्या डेमोला जाण्याआधी वरिष्ठांची परवानगी घेऊन मागच्या पावसाळ्यातल्या एका वाईट रात्रीचा अलार्म लॉग काढून ठेवा, शक्यतो हब साइट पडली ती रात्र. व्हेंडरला तो तुमच्याच लॅबमध्ये चालवायला सांगा आणि मूळ कारण विचारा. त्या रात्रीचा आरसीए तुमच्याकडे आहेच.